संगीतकाराचा रकाना

मेश्राम मास्तर कुठल्याही कागदावर सही करताना नावापुढं 'फिटर' असं लिहीत. रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. तरी बँकेचा फॉर्म असो, विहाराचं पावतीपुस्तक असो की लग्नातलं आहेराचं पाकीट, 'डोमाजी गणपत मेश्राम, फिटर' हे पूर्ण यायचंच. मी एकदा म्हटलं, "मास्तर, आता निवृत्त लिहा की." तर म्हणाले, "नोकरी रिटायर झाली साहेब, हात नाही झाले." आपलं काम काय हे जगाला सांगायची इतकी हौस असलेल्या या माणसानं, आयुष्यात केलेल्या सगळ्यांत सुंदर गोष्टीवर स्वतःचं नाव घातलं नाही. आणि ते कायमचं राहून जाईल याची व्यवस्था मी केली. मला लिहायचंय मास्तरांबद्दल, माझ्याबद्दल नाही. पण मला वगळून ते सांगता येत नाही, हीच तर रड आहे.

मी पुण्याहून रायपूरला आलो तो एका प्रादेशिक टीव्ही चॅनलच्या नोकरीसाठी. हुद्दा भारदस्त, काम कारकुनी. कोणत्या कार्यक्रमात कोणतं संगीत वाजलं, किती सेकंद वाजलं आणि ते कुणाचं, हे एका तक्त्यात भरायचं. त्याला क्यू शीट म्हणतात. प्रेक्षकाला हा कागद कधी दिसत नाही, पण संगीतकाराची कमाई त्याच्यावर चालते. चॅनल हे तक्ते मुंबईतल्या संगीतकारांच्या संस्थेकडे पाठवतं, सोबत ठरलेली रक्कम भरतं, आणि संस्था तक्ता बघून ज्याचं संगीत जितकं वाजलं त्याला तितका वाटा देते. कार्यक्रम पुन्हा दाखवला की पुन्हा वाटा. संगीतकार आजारी असो नाहीतर मेलेला असो, तक्त्यात नाव असेल तर त्याच्या घरी काहीतरी येत राहतं. नाव नसेल तर येत नाही. यापलीकडे त्यात काही गूढ नाही.

राहायला मला ब्राह्मणपाऱ्यात, म्हणजे ब्राह्मणांच्या मोहल्ल्यात, खोली मिळाली. आडनाव ऐकून घरमालकांनी डिपॉझिटसुद्धा कमी केलं. हे मी मास्तरांना पहिल्या ओळखीतच मोठ्या कौतुकानं सांगितलं, इतका मी शहाणा. ते नुसतं "हव" म्हणाले. पुढं ते कितीदा माझ्याकडं आले, पण सायकल खाली लावून फोन करायचे. वर कधी आले नाहीत. "चहाला तरी या" म्हटलं की हसायचे. "कोपऱ्यावर भेटते ना चहा. तुमची खोली काहून खतऱ्यात टाकू?" मीही हसायचो. हसण्यासारखं काय होतं, हे आज सांगता येणार नाही.

ओळख झाली ती रायपूरला लागूनच असलेल्या बीरगावात. कामगार वस्त्यांवर आमचं चॅनल एक साप्ताहिक कार्यक्रम करत होतं आणि त्याच्यासाठी शीर्षकधून हवी होती. कुणीतरी सांगितलं की बीरगावच्या बुद्ध विहारात रविवारी सकाळी एक गायन पार्टी बसते, ऐकण्यासारखी आहे. गेलो. आठ-दहा माणसं, बरीचशी रात्रपाळी करून तशीच आलेली, डोळे तांबडे. एक ढोलकी, एक बेंजो, झांजा आणि मधोमध पेटीवर मास्तर. उंच, काटक, पांढरा सदरा गळ्यापर्यंत बंद. पेटीचा एक सूर बसला होता. त्यांनी खिशातून छोटा पेचकस काढला, पेटी उघडली, दोन मिनिटांत दुरुस्त केली आणि गाणं जिथं थांबलं होतं त्याच अक्षरापासून पुढं सुरू केलं.

या पार्टीचा एक नियम होता. सिनेमाच्या चालीवर गायचं नाही. आसपासच्या सगळ्या पार्ट्या तेच करायच्या, कारण चाल लोकांना आधीच पाठ असते आणि टाळ्या लवकर पडतात. मास्तरांना त्याचा तिटकारा होता. "पिक्चरची चाल म्हंजे भाड्याचा सदरा," ते म्हणायचे. "अंगाले बसते बरोबर, पन वापस करा लागते." एकदा शेजारच्या उरल्यातल्या एका ठेकेदारानं मुलाच्या लग्नात त्यांना बोलावलं आणि मंडपात एका चालू सिनेमातल्या गाण्याची फर्माईश केली. मास्तरांनी पेटीचं झाकण लावलं आणि ते वरातीच्या जेवणाला न थांबता दहा माणसं घेऊन पायी परत आले. पार्टीतले दोघं-तिघं त्यांच्यावर आठवडाभर चिडून होते, कारण जेवणात जिलेबी होती. मास्तरांनी पुढच्या रविवारी स्वतःच्या खर्चानं जिलेबी आणली आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर म्हणाले, "खा. अन् आता सुरात गा."

आम्ही शीर्षकासाठी निवडलं ते त्यांचं कारखान्याच्या फाटकावरचं गाणं. नवऱ्याचा डबा घेऊन उभी राहिलेली बाई भोंग्याची वाट बघते, एवढाच त्याचा विषय. शब्द लहानू बोरकरांचे. लहानू त्यांच्याच वर्कशॉपातले, पार्टीचे मुख्य गायक, आम्ही तिथं जायच्या दोन वर्षं आधी वारलेले. चाल मात्र मास्तरांची. तिसऱ्या ओळीच्या मधोमध ती अचानक थांबते. अर्धी मात्रा सगळं गप्प, आणि मग वरच्या सुरावरून पुन्हा उचलते. अंगावर काटा येतो त्या जागी. रेकॉर्डिंगच्या दिवशी मी मास्तरांना विचारलं, ही जागा कशी सुचली?

"सुचली काय, करा लागली," ते म्हणाले. "लहानूले दमा होता. तिसऱ्या ओळीत त्याचा श्वास तुटे. म्या म्हटलं, तू थांब तिथं, बिनधास्त थांब. चालच तशी बांधतो. लोकायले वाटलं पाह्यजे का थांबाचंच होतं. तीन महिने लागले साहेब. जेवनाच्या सुट्टीत वर्कशॉपात बसून बांधली."

हे त्यांनी मला सांगितलं. त्याच दिवशी, कागद भरायच्या आधी, माझ्या तोंडावर. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ठळक सांगतो.

मग मी फॉर्म पुढं केला. गीतकाराच्या रकान्यात त्यांनी लहानूंचं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढं 'कालकथित' लावायचं राहिलं म्हणून खोडून पुन्हा लिहिलं. संगीतकाराच्या रकान्यात सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, 'पारंपरिक'.

मी म्हटलं, "अहो, चाल तुमची आहे ना?"

"आमच्यात चालीले नाव नाही लावत," ते म्हणाले. "कवीचं नाव शेवटच्या कडव्यात येते, तो त्याचा मान आहे. चाल समाजाची. आज म्या नाव लावलं, तर उद्या भिलाईची पार्टी, दुर्गची पार्टी हे गानं मनतीन तं मले विचाराले येतीन. कोनाले विचाराचं कामच नाही पडलं पाह्यजे. माह्या उस्तादानं नाही लावलं, म्या काहून लावू?"

आता इथं मला तोंड उघडायचं होतं. माझ्याशिवाय त्या खोलीत एकालाही माहीत नव्हतं की कागदावर 'पारंपरिक' लिहिलेली चाल समाजाची होत नाही. ती रस्त्यावर पडलेली वस्तू होते, आणि जो आधी उचलून तिला जरा पुसतो तिच्यावर त्याचं नाव चढतं. हे समजावून सांगायला पाच मिनिटं लागली असती. पण आदल्याच दिवशी आमचे प्रमुख दुबेजी म्हणाले होते, "ट्रेडिशनल मिल जाए तो बढ़िया। परमिशन का झंझट ही नहीं।" मी मास्तरांच्या त्या मोठेपणाला मान डोलावली, फॉर्म घडी करून बॅगेत घातला आणि ऑफिसात येऊन तक्त्यात टाइप केलं: संगीतकार, पारंपरिक. दुबेजी खूष झाले. मीही माझ्यावर खूषच होतो.

कार्यक्रम वर्षभर चालून बंद पडला. पण आमचं चॅनल मुंबईतल्या एका मोठ्या समूहाचं होतं, आणि आम्ही केलेलं सगळं संगीत त्यांच्या सामायिक साठ्यात जायचं. तिथं एका संगीतकाराला रोजच्या मालिकेसाठी शीर्षकगीत हवं होतं. त्याला ही धून सापडली, शेजारी 'पारंपरिक' लिहिलेलं सापडलं. त्यानं खाली व्हायोलिनं घातली, शब्द नवे लिहून घेतले आणि स्वतःच्या नावानं संस्थेत नोंदवून टाकली. मालिका लोकांना आवडली. घराघरात रोज वाजू लागली.

मास्तरांना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. मला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. त्यांची मुलगी संघमित्रा, रायपूरच्याच मंत्रालयात नोकरीला, तिनं मोबाइलवर ऐकवलं. हे घडलं कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर, माझ्यासमोर. मास्तरांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. तिसऱ्या ओळीला ती जागा आली. व्हायोलिनं थांबली, अर्धी मात्रा, आणि पुन्हा उचलली.

"चाल नेली तं नेली," ते म्हणाले, "लहानूचा दमा बी नेला यानं."

आणि खदखदा हसले. संघमित्रा मात्र हसली नाही. तिला मराठी सगळं समजायचं पण उत्तर हिंदीत द्यायची. तिनं मला विचारलं, "भैया, इसका पैसा किसको मिलता है?"

मी सांगितलं. सेकंद मोजतात, तक्ता भरतात, ज्याचं नाव त्याला जातं. मास्तर लक्ष देऊन ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "मधात जे थांबते, चाल चुपचाप असते, तेवढ्याचेबी सेकंद मोजते का?"

"मोजतात."

"मंग ते तं लहानूचे होत. त्याच्या बायकोले भेटाले पाह्यजे." हे ते गमतीनं बोलत नव्हते.

तरीही त्यांनी काही केलं नसतं. समाजाची चाल समाजात फिरते आहे, जरा लांबच्या समाजात गेली, असं ते स्वतःला समजावत होते. ते मोडलं जयंतीच्या कार्यक्रमानंतर. पार्टीनं विहारापुढं ते गाणं म्हटलं, लहानूंच्या शब्दांत, आणि संघमित्रानं त्याचं चित्रीकरण इंटरनेटवर टाकलं. दुसऱ्या दिवशी आवाज गायब. सूचना आली होती की या संगीतावर दुसऱ्याचा हक्क आहे, म्हणून आवाज काढला आहे. खाली लोकांनी लिहिलं होतं की ही पार्टी मालिकांच्या चाली चोरते.

ती मला दाखवायला मोबाइल घेऊन टपरीवर आली, मास्तर सोबत. त्यांनी ते सगळं पाहिलं. पडद्यावर ते स्वतः पेटी वाजवताहेत, भाता हलतोय, पार्टीची तोंडं उघडतात, मिटतात, आणि आवाज काही नाही. आठ मिनिटं. मी मधेच म्हटलं, "राहू द्या मास्तर." त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. ओठांवरून ते ओळी ओळखत होते. "आता दुसरं कडवं," ते हळूच म्हणाले. थोड्या वेळानं, "आता थांबले." मग मोबाइल मुलीला परत दिला आणि मला म्हणाले, "साहेब, मले पैसे नाही पाह्यजे. पन माह्या पार्टीले माही चाल मनता आली पाह्यजे. अन् चोर नाही मनलं पाह्यजे. याच्यासाठी काय करा लागते ते सांगा."

भाड्याचा सदरा नको म्हणून जन्मभर हट्ट केलेल्या माणसाला लोक चोर म्हणत होते. मला तेव्हा खरोखर फार वाईट वाटलं. वाईट वाटणं मला नेहमीच छान जमतं.

संघमित्रानं मास्तरांच्या नावानं संस्थेकडे रीतसर अर्ज केला. वर्कशॉपातल्या दोन जुन्या माणसांनी लिहून दिलं की चाल मास्तरांचीच. संस्थेचं उत्तर आलं की मूळ नोंदीत खुद्द अर्जदाराच्याच अक्षरात 'पारंपरिक' आहे. ती नोंद करणाऱ्या अधिकाऱ्यानं लेखी कळवावं, की त्या वेळी अर्जदारानं चाल स्वतः बांधल्याचं सांगितलं होतं का. म्हणजे मी. एका पानाचं पत्र. त्यात एकच वाक्य खरं लिहायचं होतं.

मी मास्तरांना सांगितलं, दोन दिवसांत देतो. ते म्हणाले, "तुमी हाय म्हून फिकर नाही."

ऑफिसात दुबेजींनी दार लावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. त्यानं मला बसवलं, पाणी दिलं. "देखो, तुम लिखोगे कि तुमको पता था, तो सवाल आएगा कि पता था तो शीट में गलत क्यों भरा। फिर चैनल पर आएगा, फिर तुम पर आएगा। और तुम्हारा मुंबई वाला ट्रांसफर अगले महीने है।" समूहाच्या वकिलांनी पत्र तयारच ठेवलं होतं. 'आमच्या अभिलेखानुसार सदर धून पारंपरिक असून तसे अर्जदाराने स्वहस्ते नमूद केले आहे.' मी ते तीनदा वाचलं. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. मी खाली सही केली आणि हुद्दा लिहिला.

अर्ज फेटाळला गेला. माझ्या पत्राची प्रत मास्तरांना निर्णयासोबत मिळाली.

मास्तर आले तेव्हा मी खिडकीतून पाहिलं, सायकल लावताना. फोन वाजला. खाली गेलो. टपरीवाल्याला त्यांनी नेहमीसारखं दोन चहा सांगितले. पत्र त्यांनी चार घड्या करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं होतं. काढलं, माझ्यासमोर उलगडलं, बोटानं माझी सही दाखवली.

"खोटं नाही लिहिलं तुमी," ते म्हणाले. "म्याच तसं लिहून देल्लं होतं. माही चूक आहे ते."

"मास्तर, माझा नाइलाज..."

"तुमाले म्या लहानूचं सांगतलं होतं का नाही?"

मी म्हटलं, "सांगितलं होतं."

"कागद भराच्या आधी?"

"हो."

"बस. एवढंच मले आयकाचं होतं, तुमच्या तोंडून. मले वाटे का म्हातारपनात मलेच भास होऊन राहिला." त्यांनी चहा संपवला, दोन्ही चहाचे पैसे दिले आणि गेले. मला शिव्या दिल्या असत्या तर मी आयुष्यभर त्यांचा ऋणी राहिलो असतो. तेवढंही त्यांनी माझ्यासाठी केलं नाही.

मुंबईला जायच्या आदल्या रविवारी मी बीरगावला गेलो. कशासाठी, ते नीट सांगता येत नाही. माफी मागायची होती म्हणावं तर ती टपरीवर मागता आली असती. खरं तर मला ते गाणं एकदा तिथं बसून ऐकायचं होतं. मालिकेतलं मला रोज ऐकावं लागायचं, ऑफिसच्या टीव्हीवर.

गाडी लांब लावून चालत गेलो. विहाराच्या गल्लीत वळलो तोच ते ऐकू आलं. दुसरं कडवं चाललं होतं. मी दारात पोचलो तेव्हा तिसऱ्या ओळीच्या अलीकडं आले होते. मास्तरांनी वर पाहिलं, मला पाहिलं, आणि पेटीवरचा हात उचलला. गाणं बंद झालं. पार्टीतल्या कुणाच्या लक्षात आलं नाही की हे आता का थांबलं. ढोलकीवाला दोन ठेके पुढं गेला.

"थांबा," मास्तर म्हणाले. "टीव्हीवाले साहेब आले."

त्यांनी मला बसायला सतरंजीवर जागा करून दिली. पाणी दिलं. मुंबईला कधी निघणार विचारलं, घर मिळालं का विचारलं, तिकडं पाऊस फार, छत्री चांगली घ्या म्हणाले. पार्टीतली माणसं माझ्याकडं बघत, वाद्यांवर हात ठेवून बसून होती. मी म्हटलं, "मास्तर, गाणं चालू द्या ना. मी ऐकतो."

"म्हनू ना," ते म्हणाले. "काही घाई नाही."

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. बेंजोवाल्यानं जांभई दिली. तो रात्रपाळीहून आलेला होता आणि माझ्यामुळं खोळंबला होता. मास्तर पेटीच्या बंद भात्यावर दोन्ही हात ठेवून, माझ्याकडं बघत, अगदी आदबीनं थांबले होते. मग मला समजलं आणि मी उठलो. ते दारापर्यंत आले, "जय भीम" म्हणाले, मीही म्हटलं.

गल्लीतून जाताना मी मुद्दाम सावकाश चाललो. आत सगळं गप्प होतं. गाडीपाशी येऊन उभा राहिलो, किल्ली हातात धरून पाच मिनिटं तरी. काही ऐकू आलं नाही. शेवटी मी गाडी सुरू केली, आणि इंजिनाच्या त्या आवाजात, मागं विहारात, पेटी सुरू झाली.